कार्यक्रमाच्या बातमीत वाजवलेलं कुठे आहे?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

एखादा मोठा रॉक बँड वाजवून गेला की दुसऱ्या दिवशी मी आपलं दैनिक हातात घेते आणि आधी ती बातमी शोधते. बातमी असतेच. गर्दी किती लोटली, रस्ते कुठे तुंबले, कोण कोण नामवंत दिसले, तिकिटं किती मिनिटांत संपली, सगळं असतं. फोटोही चांगला असतो. त्या माणसांनी काय वाजवलं आणि कसं वाजवलं, हे मात्र नसतं. शास्त्रीय मैफलीबद्दल लिहिताना आपले समीक्षक राग सांगतात, विलंबित कुठे रंगलं ते सांगतात, साथीला कोण होतं आणि साथ कशी झाली तेही सांगतात. दोन तास गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्यांच्या वाट्याला तेच कान का येत नाहीत, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. गेल्या अठरा वर्षांत आयर्न मेडन या इंग्लिश बँडचे नऊ कार्यक्रम मी ऐकले. मार्च २००७ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर पहिला, फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत दुसरा, फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा बंगळुरू. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला लागोपाठ दोन रात्री, ऑगस्ट २०१६ मध्ये जर्मनीतल्या वाकेन गावचा महोत्सव, २०१८ च्या ऑगस्टमध्ये परत लंडन आणि मे २०२५ मध्ये बुडापेस्टला पुन्हा दोन रात्री. प्रत्येक रात्रीची नोंद एका वहीत आहे: तारीख, गाण्यांचा क्रम, मी कुठे उभी होते आणि काय ऐकू आलं. पैसे साठवून, रजा जमवून हे केलं. त्याबद्दल एका क्षणाचीही खंत नाही.

मला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो. तीच माणसं, तीच गाणी, मग पुन्हा पुन्हा कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण हा बँड एका दौऱ्यात गाण्यांची यादी सहसा बदलतच नाही. पहिल्या रात्री जो क्रम तोच बहुतेक शेवटच्या रात्री. प्रत्येक गाण्याला मागचा पडदा वेगळा, दिवे वेगळे, ज्वाळा कुठल्या ठोक्यावर उसळायच्या तेही ठरलेलं. एवढा पसारा रोज नव्यानं मांडता येत नाही. काही बँड रोज वेगळी यादी वाजवतात. त्यांच्या मागे फिरणाऱ्यांना आज काय निघेल याची ओढ असते. आम्हाला काय निघणार ते माहीत असतं. मग आम्ही कशासाठी जातो, त्याचं उत्तर माझ्याकडे एका गाण्याच्या रूपात आहे.

माझ्या दादाकडे या बँडच्या १९८८ च्या अल्बमची कॅसेट होती. सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन. त्याच नावाचं त्यात एक गाणं आहे, जवळजवळ दहा मिनिटांचं. पहिला भाग भव्य आहे, शब्द नसलेल्या सामूहिक आलापांचा. मग सगळं एकदम शांत होतं, बेस गिटारचे मोजके सूर आणि खालच्या आवाजात बोललेले शब्द उरतात. आणि त्या शांततेतून गिटारी अशा सुटतात की गाणं संपेपर्यंत श्वास घ्यायला सवड मिळत नाही. कॅसेट आम्ही इतकी वाजवली की त्या शांत भागात टेपची खरखर ठळक झाली होती. कित्येक वर्षं मला ती खरखर त्या गाण्याचाच भाग वाटायची. हे गाणं समोर उभं राहून कधी ऐकता येईल असं वाटलंच नव्हतं. २००७ ला नाही वाजवलं, २००८ ला नाही, २००९ ला नाही.

२०१३ च्या दौऱ्यात ते यादीत होतं. म्हणून मी लंडनच्या दोन्ही रात्रींची तिकिटं काढली.

पहिल्या रात्री मी अगदी पुढे, कठड्याला चिकटून उभी होते. तिथे उभं राहायचं तर तासन्‌तास आधी रांग धरावी लागते. त्या जागेचं सुख वेगळंच असतं. बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस मॉनिटरवर, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरवर, पाय ठेवून बेस रोखतात तेव्हा त्यांची बोटं दिसतात. ते पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरत नाहीत, बोटांनीच वाजवतात, आणि या बँडची जी ओळख आहे ती घोड्याच्या टापांसारखी लय, एक लांब ठोका आणि मागोमाग दोन आखूड, ती त्या बोटांतूनच येते. समोर मायक्रोफोन नसतानाही ते प्रत्येक गाण्याचा शब्द न्‌ शब्द म्हणत असतात. हे सगळं पुढून दिसतं. पण ऐकू काय येतं? पुढे मुख्य स्पीकरचा आवाज बराचसा डोक्यावरून निघून जातो. रंगमंचावरचे ड्रम दणकतात, जवळची गिटार कानात घुसते आणि पलीकडची हरवते. माझं गाणं आलं, मी रडले, पण वहीत त्या रात्रीपुढे नीटशी एक ओळही लिहिता आली नाही.

दुसऱ्या रात्री मी मागे गेले, साऊंड कन्सोलच्या शेजारी. ज्या माणसाच्या हातात आवाजाचं मिश्रण असतं, तो जिथे बसतो तिथे जे ऐकू येतं त्यावरच तो सगळं ठरवत असतो. म्हणून ऐकायला ती जागा सर्वांत चांगली, हे कार्यक्रमांना नेहमी जाणाऱ्या कुणालाही विचारा. त्या रात्री मला तिन्ही गिटारी वेगवेगळ्या ऐकू आल्या. १९९९ पासून या बँडमध्ये तीन गिटारवादक आहेत आणि तिघांचे हात तीन तऱ्हांचे. डेव्ह मरे यांचे सूर एकमेकांत विरघळत जातात, कुठे तुटला आणि कुठे जोडला ते कळत नाही. एड्रियन स्मिथ यांची प्रत्येक ओळ आधी मनात रचून ठेवल्यासारखी येते, तिच्यात जागा सोडलेली असते. यानिक गर्स बेभान सुटतात. आणि मग दोन गिटारी तीच धून थोड्या अंतरावरच्या सुरांतून एकत्र धरतात, तेव्हा छाती भरून येते. तो शांत भाग आला. वीसेक हजारांची जागा, आणि बेसचा एकेक सूर सुटल्यावर विझताना ऐकू येत होता. खरखर नव्हती. दादाला रात्रीच फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

यादी तीच, सभागृह तेच, एका रात्रीचं अंतर. मला दोन वेगळे कार्यक्रम मिळाले होते, आणि दुसरा केवळ वीस-पंचवीस मीटर मागे सरकल्यामुळे. आपले वार्ताहर बहुधा पत्रकारांच्या राखीव जागेत, नाहीतर छायाचित्रकारांबरोबर पुढे असतात. त्यांनी गाण्यांबद्दल लिहिलं नाही यात त्यांचा दोष कमी आहे. तिथे नीट ऐकूच येत नाही.

मैदानावर तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. २००९ ला बंगळुरूत मी खूप मागे होते. पडद्यावर ड्रमची काठी पडताना दिसायची आणि ठोका नंतर यायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर तो सेकंदाचा जवळजवळ तीन दशांश उशिरा पोचतो. मोठ्या मैदानात मध्येच खांबांवर जादा स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच रोखून सोडतात, म्हणजे पुढून आलेला आणि खांबावरचा आवाज एकत्र पोचावा. हे गणित जमलं तर मागच्या माणसालाही शब्द कळतात, नाही जमलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. वारा फिरला की वरचे सूर वाहून जातात आणि नुसता गडगडाट उरतो. हजारो माणसं मागे उभी असतात. त्यांना काय ऐकू आलं हे बातमीत यायला हवं, कारण पुढच्या आयोजकाला त्याचीच लाज वाटेल किंवा अभिमान वाटेल.

कानांबद्दलही लिहायलाच हवं. २००८ च्या मुंबईच्या रात्री मी हौसेनं स्पीकरच्या भिंतीजवळ उभी राहिले. दौऱ्याची ती पहिलीच रात्र. चर्चिल यांच्या युद्धकाळातल्या भाषणाचा तुकडा वाजला आणि सहाही जण एकदम धावत आले. ब्रूस डिकिन्सन हे गायकही आहेत आणि वैमानिकही; बँड, मदतनीस आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७ मध्ये भरून ते स्वतः विमान चालवत निघाले होते. ती रात्र मी विसरणार नाही, आणि माझा डावा कानही विसरलेला नाही. तीन दिवस कानात शिटी वाजत होती. ती गेली, पण शांत खोलीत आजही कधीकधी येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक जाहीर केलं आहे: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा जास्त नसावी, आवाजाची पातळी सतत मोजली जावी, प्रेक्षकांना कानात घालायची बोंडं मिळावीत आणि शांत जागा असावी. २००८ नंतर मी फिल्टर असलेली बोंडं घातल्याशिवाय एकाही कार्यक्रमाला गेले नाही. त्यांनी संगीत मरत नाही, उलट शब्द जास्त स्वच्छ कळतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आपण वाहतुकीतले बदल छापता. त्याच चौकटीत ही एक ओळ छापा. तरुण मुलं वाचतील.

२०१६ चं वाकेन. त्याच्या साधारण दीड वर्ष आधी ब्रूस डिकिन्सन यांच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ निघाली होती. केमोथेरपी आणि रेडिएशन दोन्ही झालं. नवा अल्बम आजार कळण्याआधीच मुद्रित झालेला होता, त्यामुळे त्यावरचा आवाज ऐकून काहीच कळणार नव्हतं. आता तो गळा कसा असेल, हे समोर ऐकल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आणि त्यांनी कार्यक्रमाची सुरुवात कशी ठेवली होती? ड्रम नाहीत, गिटारींचा गदारोळ नाही. उंचावर धूर निघणारं एक मोठं भांडं, त्यामागे टोपी ओढलेला एकटा माणूस, आणि जवळजवळ उघडा आवाज. लपायला जागाच नव्हती. पहिली ओळ आली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनं माझा दंड घट्ट धरला. तिची भाषा मला येत नव्हती. आवाज थोडा जाड झाला होता, मधल्या सुरांत आधी नसलेलं वजन होतं, आणि वर चढताना ते क्षणभर थांबून मग चढत होते. पण चढत होते. बातमी म्हणतात ती हीच. त्या रात्री हजारो लोक त्यासाठीच आले होते.

तिसऱ्या-चौथ्या गाण्याला धक्काबुक्कीत माझा चष्मा पडला. पुढच्या गर्दीत पडलं-झडलं की काय होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ती माणसं दांडगट वाटतात. चार-पाच जणांनी हात पसरून माझ्याभोवती रिंगण केलं, एकानं खाली वाकून चष्मा शोधून दिला. एक काच मात्र गेली होती. उरलेला दीड तास मला रंगीत ठिपक्यांपलीकडे काही दिसलं नाही. त्या रात्रीची माझ्या वहीतली नोंद सगळ्यांत लांब आहे, साडेसात पानं. बघणं बंद झालं आणि नुसतं ऐकणं उरलं.

२०१८ च्या लंडनबद्दल फार लिहीत नाही. रंगमंचावर स्पिटफायर विमानाची भली मोठी प्रतिकृती टांगली होती आणि साहजिकच तिचेच फोटो सगळीकडे छापले गेले. पण फ्लाइट ऑफ इकारस हे गाणं १९८६ नंतर पहिल्यांदाच त्या दौऱ्यात परत आलं होतं. तीन दशकांहून अधिक काळ ज्याची वाट पाहिली ते गाणं लोक ऐकत होते. मथळा तिथे होता.

आता गेल्या काही वर्षांतली गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र खरं तर लिहावंसं वाटलं. निको मॅकब्रेन हे १९८२ च्या अखेरीपासून या बँडचे ड्रमर. अनवाणी बसायचे, बेस ड्रम एकच, पेडल एकच, आणि बाकीचे लोक दोन पायांनी काढतात तेवढे ठोके ते एका उजव्या पायानं काढायचे. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. त्याच वर्षीच्या दौऱ्यावर ते गेले. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला त्यांनी बँडबरोबर शेवटचं वाजवलं आणि दौरे थांबवले. त्यांच्या जागी सायमन डॉसन आले, आणि नव्या ड्रमरची पहिली रात्र २७ मे २०२५, बुडापेस्ट. त्या यादीत माझं गाणं परत होतं.

कार्यक्रमाआधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं १९७४ चं डॉक्टर डॉक्टर वाजतं. हा जुना रिवाज आहे. ते सुरू झालं की आमच्यातले सगळे ओळखतात, आता पाचच मिनिटं. त्या रात्री ते वाजत असताना कुणी नाचत नव्हतं. सगळे ड्रमच्या दिशेनं बघत होते. आणि मग सुरुवात झाली ती १९८१ च्या अल्बममधल्या गाण्यानं, जो अल्बम निको येण्याआधीचा आहे. ही निवड मला फार सुज्ञ वाटली. नव्या माणसाला त्यांनी निकोंच्या सावलीत उभं करून सुरुवात केली नाही.

सेव्हन्थ सन आलं तेव्हा मी कन्सोलपाशी होते, २०१३ सारखीच. निको ते वाजवायचे तेव्हा ठोक्याच्या आधी-मागे खूप काही भरलेलं असायचं, झांजांचा सतत शिडकावा असायचा. डॉसन यांनी त्यातलं बरंच रिकामं ठेवलं. ठोका सरळ, थोडा मागे टेकलेला. पहिली दोन मिनिटं मला ते उणं वाटलं, हे कबूल करते. मग तो शांत भाग आला, आणि तिथून सुटताना, ड्रम मोकळे असल्यामुळे, स्टीव्ह हॅरिस यांच्या बेसची प्रत्येक टाप ऐकू आली. ती ओळ तिथे आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कॅसेटवर नाही, लंडनलाही नाही. दुसऱ्या रात्री, २८ तारखेला, तेच गाणं किंचित वेगानं गेलं आणि डॉसन यांनी आदल्या रात्री सोडलेल्या दोन जागा भरल्या. पहिल्या रात्री माझ्या नजरेला तरी इतर सगळे वरचेवर मागे वळून त्यांच्याकडे बघताना दिसत होते. दुसऱ्या रात्री बघत नव्हते.

त्या दौऱ्याआधी बँडचे व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड यांनी लोकांना फोन खाली ठेवून कार्यक्रम पाहायची विनंती केली होती. काहींनी मानली, काहींनी नाही. मला त्यावर अधिक काही म्हणायचं नाही. फक्त फिअर ऑफ द डार्क या गाण्याच्या वेळी, जिथे गिटारीची धून शब्दांशिवाय सगळं सभागृह गातं, तिथे बहुतेकांचे हात आपोआप मोकळे झाले. हंगेरियन, पोलिश, जर्मन, आणि त्यांच्यात मी. त्या धुनीला भाषा लागत नाही.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती साधी आहे. पुढच्या मोठ्या कार्यक्रमाला गर्दीच्या बातमीसाठी एक माणूस पाठवाच, पण दुसरा असा पाठवा ज्यानं आधीचे दोन-चार अल्बम ऐकले आहेत. त्याला साऊंड कन्सोलच्या मागे उभं राहायला सांगा. पहिलं गाणं कोणतं, यादीत काय परत आलं, काय गळलं, गळा कसा होता, ड्रम कोण वाजवत होतं आणि मागच्या माणसाला शब्द कळले का, एवढं त्यानं लिहावं. तीनशे शब्द पुरतात. जे येऊ शकले नाहीत ते वाचतील, आणि जे आले होते ते आपल्या आठवणीशी ताडून बघतील. चुकलं तर पत्र लिहून भांडतील. मैफलीच्या वृत्तान्तांवर अशी पत्रं आपल्याकडे येतात, ती मी आवडीनं वाचते.

नमुना हवा असेल तर माझ्या वहीतली वाकेनची साडेसात आणि बुडापेस्टची बारा पानं झेरॉक्स करून पाठवू शकते. अक्षर स्वच्छ आहे. मूळ वही मात्र देता येणार नाही, ती पुढच्या कार्यक्रमाला लागेल.

कळावे,
आपली नियमित वाचक